रोज टीव्ही आणि व्हॉट्सॲपवर इतक्या बातम्या बघूनही लोकांना राजकारणातलं धड काही माहीत नसतं, असं का?

कारण माहीत झाल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटलं की माणूस पुढे शोधत नाही. आमच्या घरचंच सांगते.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. बाबा आता 82 वर्षांचे आहेत, राहुल बारपुते संपादक होते तेव्हापासूनचे नईदुनिया या इथल्या हिंदी पेपरचे वाचक. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसायचे, पेपरची चौकोनी घडी, हातात लाल पेन, कामाची बातमी दिसली की कात्री. कात्रण एलआयसीच्या जुन्या डायरीत खळ लावून चिकटवायचं आणि वर तारीख. 2020 च्या लॉकडाऊनमधे दादाने पेपर बंद केला, तेव्हा ते बरोबरच होतं, पण नंतर सुरू केलाच नाही. "महत्त्वाचं असेल ते फोनवर येतंच की." यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

मग आली 2024 ची लोकसभा. 29 एप्रिलला इथल्या काँग्रेसच्या उमेदवाराने फॉर्म मागे घेतला, पक्षाने सांगितलं नोटा दाबा, म्हणजे मतदान यंत्रावरचं 'यापैकी कोणीही नाही' हे बटण, सगळीकडे तीच चर्चा. दोन दिवसांत पुण्याच्या आत्याकडून मेसेज, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द आणि पुन्हा मतदान. दादाने तो चार ग्रुपवर टाकला. रोज रात्री नऊ ते अकरा चॅनल बघणारा माणूस, पण त्याला एकदाही वाटलं नाही की नियम काय आहे ते बघावं, आणि त्या दोन तासांत चॅनलवरच्या कोणी तो सांगितलाही नाही, नुसती आरडाओरड.

बाबांनी आतून डायरी आणली. 2013 चं कात्रण, कडा पिवळ्या पडलेल्या, सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नोटाचं बटण आलं त्या वेळचं. त्यात लाल रेघ मारलेली ओळ, नोटाला जास्त मतं पडली तरी उमेदवारांमधे ज्याला सगळ्यात जास्त तोच निवडून येणार. आत्याचंही अगदी खोटं नव्हतं, महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने 2018 मधे फेरनिवडणुकीचा नियम केलाय, पण तो महापालिका-नगरपालिकांचा. लोकसभेला लागू नाही. दादा म्हणाला, "बाबा, ते जुनं झालं." बाबांनी डायरी मिटली आणि आत गेले. मला ते आजही सहन होत नाही.

निकाल लागला, नोटा 2,18,674 आणि विजयी उमेदवाराची आघाडी 11,75,092. कोणी काय दाबावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण माझ्या वहिनीने फेरमतदान होईल या भरवशावर बटण दाबलं, हे वाईट झालं.

दादासारख्या समजुतीवर परदेशात अभ्यासही झालेत, बातमी आपोआप आपल्यापर्यंत येईल असं ज्यांना वाटतं ते बातम्या कमी शोधतात आणि त्यांचं राजकारणाचं ज्ञानही कमी भरतं. पूर्वी एकच दूरदर्शन होतं तेव्हा ज्याला रस नाही त्याच्याही कानावर बातम्या पडायच्या, आता तो दुसरं काहीतरी लावतो. पार्षद म्हणजे नगरसेवक कोण, वॉर्डाचं काम कोणाकडे, हे विचारा आणि बघा.

आता हेही खरं की ज्याला मुळात आवड आहे तोच पेपर वाचतो, त्यामुळे सगळं श्रेय पेपरला देता येत नाही. पेपरही पैसे घेऊन बातम्या छापतात. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी टीव्हीच आधार आहे. फोनवर शोधून वाचणारेही आहेत, माझी मुलगी निवडणूक आयोगाची साइट उघडून बघते.

तुम्हाला सांगायचं तर एक पेपर लावा, आतलं शहराचं पान आधी वाचा, आणि मेसेज आला की हा नियम कुठला, कोणत्या निवडणुकीचा, एवढं विचारा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याचा पेपर खर्च वाचवायला बंद करू नका.

दादा, तू इथे वाचतोस मला माहितीये. पेपरवाल्याशी मी बोललेय, एक तारखेपासून टाकेल, पैसे माझ्याकडून. तू फक्त त्याला फाटकावरून परत पाठवू नकोस.