तुझ्या ग्रहावर भरती कोण आणतं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू कल्पिलेल्या ग्रहाची ओळख दोनदा वाचली. तांबडा बटू तारा, त्याच्याभोवती 11 दिवसांत एक फेरी, किनाऱ्यावर वस्ती, दिवसातून दोनदा भरती. भाषा छान वाहते. पण समुद्र तू आपल्या वेंगुर्ल्याचाच उचलून तिकडे नेला आहेस.

आपल्याकडे भरती मुख्यतः चंद्र आणतो. म्हणून तर जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला तीन वाजता. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो, ते त्या हिशेबात धरलेलं असतं. तुझ्या ग्रहाला तू चंद्र दिलेलाच नाहीस, आणि ताऱ्याच्या इतक्या जवळ तो टिकणंही अवघड.

आधी तारा नीट बघ. तुझ्या ग्रहासारखाच खरा ग्रह 2016 मध्ये सापडला, प्रॉक्सिमा सेंटॉरी बी. सव्वाचार प्रकाशवर्षांवर, वर्ष 11.2 दिवसांचं. त्याचा तारा सूर्याच्या पाव टक्काही प्रकाश देत नाही. त्यामुळे पाणी वाहतं राहील एवढी ऊब हवी, तर ग्रहाला पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे विसाव्या भागावर फिरावं लागतं. तिथे भरती आणणारी ओढ आपल्यावरच्या सूर्याच्या ओढीच्या सुमारे हजारपट होते. अशा ओढीने ग्रहाचं फिरणं मंदावत जातं आणि बहुधा त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते. मग त्या ओढीने उठलेला पाण्याचा फुगवटा प्रचंड, पण जागचा हलत नाही. खाडीत पाणी चढत नाही, सुकतीही (ओहोटी) लागत नाही.

तुझी ती बाई सुकतीला कालवं काढायला खडकावर जाते, तो परिच्छेद मला सगळ्यात आवडला. तो वाचवता येईल. कक्षा किंचित लांबट कर. ग्रह दर फेरीत ताऱ्याच्या जवळ जाईल, पुन्हा लांब जाईल, आणि तसा फुगवटा वाढेल, ओसरेल. म्हणजे 11 दिवसांत एक भरती आणि एक सुकती. आता विचार कर, कालवं कितीतरी दिवस सलग उघड्यावर पडणार. ती जगतात कशी? ती बाई मधले दिवस काय खाते? हे लिही, मला वाचायचं आहे.

सूर्योदय मात्र काढच. तारा आकाशात एका जागी असेल, आपल्या सूर्याच्या जवळजवळ तिप्पट रुंद. हवामानाच्या गणितांनुसार, जिथे तो कायम डोक्यावर असतो तिथे दाट ढग जमलेलेच राहतात, म्हणजे मृगाच्या पावसाची वाट बघणंही गेलं. शिवाय अशा ताऱ्यांवर मोठे भडके उठतात. तुझ्या ग्रहाची हवा त्यातून कशी वाचली, ते दोन ओळींत सांग.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा सोबत एक आकृती जोड: गाव ग्रहाच्या कोणत्या अंगाला आहे आणि तिथून तारा क्षितिजापासून किती वर दिसतो. ते कळलं की पावसाचं बोलू.

तुझे सर