फराळाचा डबा, येळवस आणि आत्याबाईंना न सांगितलेली गोष्ट

ताई, मी लातूरला राहते, वय ३९. मार्चमध्ये तपासणी केली, तर तीन महिन्यांची शुगर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, अजून डायबेटीस नाही, पण उंबरठ्यावर आहात. माझ्या वडिलांचा पाय शुगरपायी कापावा लागला होता, म्हणून मी फार घाबरले. तेव्हापासून रोज सकाळी पाऊण तास चालते, जेवणात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी वाढवली. वजन ७४ वरून ६८ वर आलं. आता दिवाळी तोंडावर आली. सासर औसा तालुक्यात. दिवाळीचे आठ दिवस तिकडं, मग लग्नं, येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण), संक्रांत. गेल्या वर्षीही मी चालायला लागले होते, पण ते दिवाळीत सुटलं ते सुटलंच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रेमानं वाढतात. नको म्हटलं की म्हणतात, “सणाला नाही म्हणू नये माय, येवढ्या हौसेनं केलंय.” मी ॲसिडिटीचं निमित्त सांगते. रिपोर्टचं फक्त ह्यांना माहीत आहे. काय करू?

प्रिय मैत्रिणी,

सहा किलो कमी केलेस, तेही घर सांभाळून. आधी त्याबद्दल तुझं मनापासून कौतुक. तुझी भीतीही मला पोचली. ज्या लेकीनं बापाच्या पायाची पट्टी बदलली असेल, तिला ६.१ हा नुसता आकडा वाटत नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: “सुटलं ते सुटलंच.” तुझं नुकसान लक्ष्मीपूजनाच्या ताटानं झालं नव्हतं. ताट एका रात्रीचं असतं. “आता गेलंच सगळं, संक्रांतीनंतर बघू” असं तू मनाशी ठरवलंस आणि मधले अडीच महिने त्यात गेले. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५ जणांचं वजन त्यांच्या सणांच्या काळात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, तपासलं होतं. सरासरी वाढ जेमतेम पाव ते अर्धा किलो निघाली, लोकांना स्वतःला वाटत होती त्याहून कमी. पण वाढलेलं ते वजन वर्षभरात उतरलं नाही. वर्षामागून वर्ष असंच साचत जातं. म्हणून चकली खाल्लीस तर खा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर पड.

आपल्याकडचा अभ्यास तर तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांनी आहार आणि चालणं सांभाळलं, त्यांचा डायबेटीस होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजन फारसं न घटता. म्हणजे सणात काटा हलला नाही तरी तुझे पाय हलले पाहिजेत. आठवड्याला दीडशे मिनिटं पुरतात. तुझी पाऊण तासाची सवय त्याहून कितीतरी जास्त आहे, त्यामुळे गावी रोज वीस-पंचवीस मिनिटं जमली तरी हातचं सुटणार नाही.

गावात सूनबाई पहाटे बूट घालून रस्त्यानं निघाली की लोक बघतात, हे मला ठाऊक आहे. मग शेताकडं जा. पांदीनं जायचं, हरभरा उगवला का बघायचं आणि परत यायचं. जावेला सोबत घे, कुणी काही विचारणार नाही. दुसरी वेळ आहे जेवणानंतरची. ताटावरून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर स्नायू रक्तातली साखर लगेच वापरू लागतात. जड जेवणाच्या दिवशी हे चालणं सकाळच्या फेरीपेक्षाही महत्त्वाचं समज.

फराळाबद्दल माझं मत जरा कडक आहे. घात करतो तो डबा. तू लातूरला निघालीस की पाच डबे गाडीत चढतात, आणि मग पंधरा दिवस प्रत्येक चहासोबत दोन शंकरपाळ्या, एक करंजी. खाल्लं असं वाटतही नाही. पोचल्या दिवशीच शेजारी, कामवाल्या मावशी, ह्यांचं ऑफिस, असं सगळीकडं वाटून टाक. तुला अनारसा आवडत असेल तर एक अनारसा जेवणासोबत, ताटात घेऊन, बसून खा. चहाचंही तसंच. भेटीला गेलं की प्रत्येक घरी कप पुढं येतो, त्यात दोन चमचे साखर धरली तरी पाच घरांचे दहा चमचे झाले. “मला बिनसाखरेचा” म्हणायला लाजू नकोस. आणि रात्री मेजवानी आहे म्हणून दिवसभर उपाशी राहू नकोस. भुकेल्या पोटी पंगतीत बसलं की हात थांबत नाही.

येळवशीला मात्र घाबरू नकोस, त्या दिवशी मनापासून जेव. भज्जीत, म्हणजे त्या मिसळीच्या भाजीत, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या, सगळं शेतातलं. बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. प्रथिनं आणि चोथा एवढा दुसऱ्या कोणत्या सणाच्या ताटात असतो? खीर वाटीभर घे, तिळाची पोळी अर्धी, आणि जेवून कोपीत लवंडायच्या आधी लेकरांना घेऊन बांधाबांधानं फिरून ये.

आता आत्याबाईंकडं येते, कारण तुझं खरं पत्र तेच आहे.

तू त्यांना ॲसिडिटी सांगतेस, म्हणून त्या म्हणतात, एवढ्यानं काही होत नाही. बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या लेखी तू त्यांच्या हातचं नाकारतेस. तुझ्या वडिलांचं त्यांना माहीत असणार, पण तेच तुझ्याही दारात आलंय हे तू कळू दिलं नाहीस. “सुनेला शुगर आहे” असं गावात होईल याची धास्ती वाटते का? मला ती समजते. पण दरवर्षी आठ दिवस खोटं बोलून जेवायचं, हे ओझं त्या बोलण्यापेक्षा मोठं आहे.

पंगतीत हा विषय काढू नकोस. पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी, त्या चुलीपाशी एकट्या असताना, बस आणि सांग: “आत्याबाई, माझ्या बापाला जे झालं ते मला होऊ नये म्हणून डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. तुमच्या हातचं मला खायचंच आहे. फक्त माझ्यासाठी रोज एक ज्वारीची भाकरी टाका, अन् कुणी आग्रह केला तर तुम्हीच त्यांना थांबवा.” ज्या बाईनं आयुष्यभर भाकरी थापल्या, तिला तू मदत मागते आहेस. ती नाही म्हणणार नाही असं मला वाटतं. म्हणालीच, तर पुढचं बोलणं तुझ्या नवऱ्यानं करायचं. आई त्यांची आहे, रिपोर्टही त्यांनी वाचलाय. हे त्यांना आधीच सांगून ठेव.

डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर सणात ती चुकवू नकोस. संक्रांत झाली की त्याच आठवड्यात तीन महिन्यांची शुगर पुन्हा तपास, म्हणजे दिवाळीपासूनचा बराचसा काळ त्यात येईल. आणि लॅबमध्ये जाताना आत्याबाईंनाही लातूरला बोलावून घे. त्यांची शुगर कुणी कधी तपासली आहे का?

तुझी,
ताई