नुसतं ‘आख, आख’

प्रश्न : माझा भाचा रात्ररात्र फोनवरच्या कृत्रिम मैत्रिणीशी बोलत बसतो. ‘माझं ऐकून घेणारी हीच एक’ म्हणतो. हे काय नवीनच खूळ?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नवीन मुळीच नाही. जर्मन लेखक हॉफमन यांची ‘द सँडमॅन’ ही कथा १८१६ची. नाथानेल हा विद्यार्थी प्राध्यापकांच्या मुलीच्या, ऑलिंपियाच्या, प्रेमात पडतो. तासन्‌तास तिला आपल्या कविता वाचून दाखवतो. ती विणकाम काढत नाही, खिडकीबाहेर बघत नाही, जांभई देत नाही. नुसतं ‘आख, आख’ म्हणते, म्हणजे जर्मनमध्ये उसासे टाकते. ती असते किल्लीवर चालणारी बाहुली!

मला मात्र जास्त महत्त्वाची वाटते ती क्लारा, त्याची खरी वाग्दत्त वधू. त्याची भयंकर कविता ऐकून ती कळवळून म्हणते, हे जाळून टाक. त्यावर तो तिलाच ‘निर्जीव यंत्र’ म्हणतो. क्लारा त्याच्या जिवाला जपत होती, म्हणून तर तोंडावर बोलली. ॲपमधली मैत्रीणही बहुधा होला हो करते, कारण माणूस पुन्हापुन्हा यावा अशीच तिची रचना असते.

पुढे बाहुलीचं बिंग फुटतं. मग गावातले प्रियकर इतके धास्तावतात, की प्रेयसीनं जरा बेताल गावं, वाचन चालू असताना विणत बसावं, मधूनच स्वतःचं मत सांगावं, असा हट्ट धरतात.

भाच्याला रागावू नका. ही कथा त्याला द्या, इंग्रजीत सहज मिळते. वाचून झाली की विचारा, क्लाराचं काय चुकलं?