वाकायची भीती

प्रिय नव्या ट्रेनरला,

‘काही होत नाही, बिनधास्त वाका’ असं सांगितल्यानं कुणी वाकत नाही. कधीतरी कंबरेत उसण भरलेली असते, कुणीतरी रिपोर्ट बघून ‘मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही’ म्हटलेलं असतं. मग तो माणूस जमिनीवर पडलेली चावीही घरच्यांना उचलायला लावतो. त्याला पटवत बसू नकोस. त्याचा अंदाज त्याच्याच कंबरेनं खोटा ठरवला पाहिजे.

आधी धोक्याच्या खुणा विचारून घे. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा पायातली ताकद उतरत जाणं असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, नुकतंच पडणं असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

मग त्याला ज्या हालचालींची भीती वाटते त्या लिहून घे आणि प्रत्येकीला 0 ते 100 आकडा द्यायला सांग. 30च्या आसपासची पहिली निवड. खुर्चीत बसून हात गुडघ्यांवरून नडगीपर्यंत सरकवणं, टेबलावरची पिशवी उचलणं, मग स्टुलावरची, मग जमिनीवरून 2 किलो, 5 किलो पीठ, शेवटी 10 लिटर पाणी असलेली बादली, म्हणजे 10 किलोच्या वर. क्रम त्याच्या आकड्यांवर ठरव, तुझ्या नाही.

हालचालीआधी त्याला विचार: ‘काय होईल असं वाटतं? किती खात्री?’ ‘दुखेल’ हे उत्तर घेऊ नकोस. थोडं दुखलं की त्याचंच खरं ठरतं. ‘उसण भरेल, सरळ होता येणार नाही’ असं काही हवं, जे तपासता येईल. झाल्यावर ‘काय झालं?’ एवढंच विचार आणि त्याला बोलू दे. इथे नवे ट्रेनर हटकून शाबासकी देऊन मोकळे होतात.

श्वास रोखलेला असेल, एक हात कंबरेवर असेल, पट्टा बांधलेला असेल तर यशाचं श्रेय पट्ट्यालाच जातं. हे आधार एकेक करून काढ, सगळे एकदम नकोत.

दुखणं 10 पैकी 3-4 पर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी आवर्तनं निम्मी कर. हालचाल बंद करू नकोस.

तुझ्या तोंडचे शब्दही जप. ‘पाठ सरळ ठेवा, नाहीतर डिस्क सरकेल’ या एका वाक्यात महिन्याचं काम पाण्यात जातं. 2015च्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर न दुखणाऱ्यांमध्येही डिस्कची, म्हणजे मणक्यांमधल्या गादीची, झीज विशीत 37 टक्के आणि ऐंशीत 96 टक्के लोकांना आढळली. हे आकडे सांग, पण वाकण्याचे प्रयोग सुरू झाल्यावर.

दिवाळीच्या साफसफाईनंतर एखाद्याचा फोन येईल, ‘पुन्हा धरलं’. ‘काय केलंत?’ असं दरडावून विचारू नकोस. खुणा पुन्हा तपास, दोन पायऱ्या खाली ये आणि दोन-तीन दिवसांनी परत वर चढायला लाव.