फोर व्हील ड्राइव्ह ट्रकला पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर चालतात का?

आपल्या ट्रकला मागे २६५/७० आर १७ आणि पुढे २६५/६५ आर १७ असे टायर आहेत आणि रिम एकाच मापाची असल्यामुळे एवढा फरक चालून जाईल का, असे आपण विचारले आहे. फोर-एच (चारही चाकांना जोर देणे) लिव्हरने लावावे लागते असे आपण लिहिले आहे, म्हणून सांगतो: टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, ही गाडी काही दिवस चालवता येईल, पण चारही टायर सारखे होईपर्यंत डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर फोर-एच कृपया मुळीच लावू नका.

मापावरून (रुंदी २६५ मिमी, टायरच्या बाजूची उंची त्याच्या ७० किंवा ६५ टक्के, रिम १७ इंच) हिशेब केला तर मागच्या टायरचा व्यास सुमारे ८०३ मिमी आणि पुढच्याचा ७७६ मिमी येतो. जेमतेम एका इंचाचा हा फरक, परंतु त्यामुळे एका किलोमीटरमध्ये मागचे चाक साधारण ३९६ फेरे घेते, तर पुढचे ४१०. ॲक्सलचे गिअर गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ४ च्या आसपास असेल, तर ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टपाशी हाच फरक किलोमीटरमागे ५० फेऱ्यांच्या वर जातो. अशा गाड्यांत फोर-एच लावले की ट्रान्सफर केस, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते, मध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसते, त्यामुळे हा फरक सामावून घ्यायला जागाच उरत नाही. चिखलात किंवा वाळूत टायर घसरून ताण मोकळा होतो; पक्क्या रस्त्यावर तो शाफ्ट, त्याच्या सांध्यातले क्रॉस आणि ट्रान्सफर केसची साखळी यांच्यात साठत जातो. शिवाय वळताना पुढच्या चाकांना मुळातच अधिक अंतर कापावे लागते, आणि आपल्याकडे लहान टायर नेमके पुढेच असल्यामुळे दोन्ही फरक एकाच दिशेने वाढतात.

हा ताण मी स्वतः अनुभवला आहे. मागे नवे आणि पुढे जवळजवळ गोटा झालेले टायर असताना मी कच्च्या वाटेवरून फोर-एचमध्येच डांबरी रस्त्यावर आलो. थोड्याच अंतरात स्टिअरिंग जड झाले आणि लिव्हर जागचा हलेना. गाडी काही मीटर सरळ मागे घेतली, तेव्हा खाडकन आवाज होऊन तो सुटला. त्या दिवशी चारही टायरांवर माप एकच छापलेले होते, हे मुद्दाम सांगतो. नक्षीची खोली एकीकडे १० मिमी आणि दुसरीकडे ३ मिमी असेल, तर व्यासात १४ मिमीचा फरक पडतो.

म्हणून छापील आकड्यावर न थांबता घेर मोजावा. चारही टायरांत हवा योग्य दाबाची भरून, टायरवर आणि त्याखाली जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी सरळ पुढे ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. कायम चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत तर याहून काटेकोर राहावे लागते, कारण तेथे मधले डिफरन्शियल किंवा क्लच सतत घासत आणि तापत राहतो. अशा अनेक गाड्यांसाठी नक्षीच्या खोलीतला फरक २/३२ इंचाच्या, म्हणजे सुमारे १.६ मिमीच्या, आत ठेवायला सांगितले जाते.

आपण पुढचे दोन्ही टायर बदलून २६५/७० आर १७ घ्यावेत. मात्र मागचे बरेच झिजलेले असतील, तर चारही एकदम बदलणेच योग्य. स्टेपनीचेही माप पाहून घ्या. ती वेगळ्या मापाची असेल आणि मागचे चाक पंक्चर झाले, तर पुढचे एक चांगले चाक मागे लावावे, स्टेपनी पुढे बसवावी आणि टू-एचमध्येच पंक्चरवाल्यापर्यंत जावे.