टेकडीच्या वाटांसाठी पैसा: आधी सातबारा, मग टँकर, मग देणगीदार

नमस्कार. पुण्याच्या पश्चिमेकडील टेकडीवर रोज सकाळी फिरणाऱ्या आपल्या चाळीस-पन्नास जणांच्या गटाला तिथल्या पायवाटा दुरुस्त करून पाचशे झाडे लावायची आहेत, एका कंपनीने मदतीची तयारी दाखवली आहे, आणि वर्गणी, महापालिका व कंपनी यांपैकी कोणाच्या पैशावर विसंबावे, असे आपण विचारले आहे. अशाच एका टेकडीवर गेली पंधरा-सोळा वर्षे हेच काम करत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. रोप लावण्यासाठी पैसे देणारे पुष्कळ भेटतात, तेच रोप तिसऱ्या उन्हाळ्यात जगवण्यासाठी पैसे मागितले की फोन उचलले जात नाहीत; म्हणून पैसा कोणाचा हे ठरवण्याआधी तो कशासाठी आणि किती वर्षे लागणार आहे याचा हिशेब मांडावा, असे माझे मत आहे.

त्याही आधी जमीन कोणाची हे पाहावे. पुण्याच्या टेकड्यांवर वन विभागाची, महापालिकेची आणि खासगी मालकीची जमीन इतकी लगटून आहे की एकच पायवाट अर्ध्या तासात तिघांच्या हद्दीतून जाते. 1997 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांतील 978 हेक्टर टेकड्या जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे ज्याला सगळे बीडीपी म्हणतात त्यासाठी, राखीव आहेत आणि शासनाने 2015 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले; पण आरक्षण पडले म्हणजे मालकी गेली असे होत नाही. आमच्या गटाने पहिल्याच वर्षी ही चूक केली. वर्गणीतून चार सिमेंटचे बाक केले, माथ्यावर बसवले, नारळ फोडला, आणि महिन्याभरात जमिनीच्या मालकाने ते उचलून पायथ्याशी आणून ठेवले. त्याचे काहीच चुकले नव्हते. तेव्हा गट क्रमांक शोधून सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढावी. जमीन वन विभागाची निघाली तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय खड्डासुद्धा घेऊ नये, महापालिकेची निघाली तर उद्यान विभागाशी पत्रव्यवहार करावा, आणि खासगी निघाली तर मालकाचे लेखी संमतीपत्र हाती येईपर्यंत एक रुपयाही गोळा करू नये.

आता पाचशे झाडांकडे वळू. लहान रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी धरले तर पाचशे रोपांना पाच हजार लिटर, म्हणजे आठवड्याला एक लहान टँकर लागतो. ऑक्टोबरअखेर ते मृग हे साधारण तीस आठवडे होतात आणि पहिली तीन वर्षे तरी पाणी घालावेच लागते, म्हणजे नव्वद टँकर झाले. टँकर पायथ्याशी येऊन थांबतो. वर नेण्यासाठी पाइप टाकावा लागतो, टाकी ठेवावी लागते, नाहीतर प्रत्येकाला हातात पाच लिटरचा कॅन घेऊन चढावे लागते. आमच्याकडे पहिल्या वर्षी उत्साहाने कॅन उचलणारे तीसजण होते, मार्चमध्ये अकरा उरले आणि एप्रिलमध्ये सहा. हा हिशेब मांडल्यावर आम्ही पाचशेचे दीडशेवर आलो, आणि त्यांतली बहुतेक जगली. शिवाय आपल्या टेकड्या मुळात गवताच्या आणि झुडपांच्या आहेत, चंडोलासारखे पक्षी जमिनीवर गवतातच घरटे करतात. प्रत्येक मोकळी जागा रोपांनी भरून काढणे हे टेकडीवर उपकार नव्हेत. लावायचीच तर खैर, हिवर, मेढशिंगी, गणेर, सालई, पळस अशी इथली काटक झाडे लावावीत. गिरिपुष्प कोणी फुकट दिले तरी घेऊ नये, ते आधीच टेकड्यांवर उदंड आहे.

पायवाटांचे काम त्या मानाने स्वस्त असते, पण त्यासाठी पावसात उभे राहावे लागते. जूनमधल्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत छत्री घेऊन वाटेवर जावे आणि पाणी कुठून येते, वाटेवरून किती अंतर धावते आणि कुठे बाहेर पडते हे नुसते पाहावे. उतारावर सरळ खाली येणारी वाट म्हणजे ओढ्याला दिलेले आमंत्रणच असते. पाणी माती नेते, मधोमध घळ पडते, लोक घळ टाळून कडेने चालतात, कडेचे गवत मरते आणि दोन फुटांची वाट चार-पाच वर्षांत बारा फुटांची होते. आमच्या गटातले एक निवृत्त पाटबंधारे अभियंता घमेले आणि पहार घेऊन येत आणि दर पंधरा-वीस पावलांवर वाटेला तिरकी, एक वीत उंचीची दगडांची ओळ रोवत; दगड अर्धा जमिनीत गेलाच पाहिजे, नाहीतर पोरे तो उचलून टाकतात, असे ते प्रत्येकाला बजावत. पाणी त्या ओळीला अडून बाजूच्या गवतात उतरे. चार वर्षांनी तिथली घळ बुजली. या कामाला दगड टेकडीचेच होते आणि श्रम रविवारचे, त्यामुळे खर्च पहार-फावड्यांपुरता झाला. याउलट वाटेवर फरशा आणि कठडे घालण्याचा प्रस्ताव कोणी आणला तर नम्रपणे नाही म्हणावे. त्यात ठेकेदाराचे भले असते, टेकडीचे क्वचितच.

कंपनीच्या पैशाबद्दल, म्हणजे सीएसआर किंवा कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल, बराच गैरसमज दिसतो. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 प्रमाणे निव्वळ मत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण त्यात बसते. मात्र कंपनी हा पैसा फिरायला येणाऱ्यांच्या गटाला देऊ शकत नाही. संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे 12अ आणि 80जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीच्या नोंदण्या हव्यात, अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि 1 एप्रिल 2021 पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा अर्ज भरून क्रमांक घेतलेला हवा. आपण आज सात जण जमवून संस्था नोंदवली तरी अनुभवाची अट लगेच पुरी होणार नाही, म्हणून सुरुवातीला एखाद्या जुन्या, हिशेब चोख ठेवणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली काम करणे बरे. दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, त्यामुळे कंपनीचा फोन हमखास फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आणि रोप लावण्यासाठी त्याहून वाईट महिने पंचांगात नाहीत. आम्ही एकदा मोहात पडलो. एका कंपनीची शंभर माणसे एकसारखे टी-शर्ट घालून मार्चमध्ये आली, तीन तासांत हजार रोपे लावली, छायाचित्रे काढली, नाश्ता करून गेली. पाण्यासाठी तरतूद शून्य होती. मेअखेरीस तिथे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तेवढ्या उरल्या, आणि त्या वेचायलाही आम्हीच. त्यानंतर आम्ही कंपनीला चालू प्रकल्प म्हणून मंजुरी मागू लागलो. नियमांप्रमाणे असा प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येतो, आणि त्यात राखणदाराचा पगार, टँकर आणि हिवाळ्यात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढण्याची मजुरी बसवता येते. फलकावर नाव मोठे हवे असेल तर पाण्याचा खर्च पूर्ण द्यावा, एवढी अट आपण घालू शकता. तयारी दाखवणाऱ्या प्रत्येक कंपनीला ती मानवतेच असे नाही, पण मानवली नाही तर काय गमावले तेही स्पष्ट असते.

महापालिकेकडून मिळणारा मार्ग कमी लोक वापरतात. पुणे महापालिकेने 2006-07 पासून अंदाजपत्रकात नागरिकांना कामे सुचवण्याची सोय ठेवली आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात आणि ते काम पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येते. पायथ्याशी नळजोड, पाण्याची टाकी, प्रवेशाशी कचरापेटी अशी लहान, मोजता येणारी कामे त्यात मागावीत. ‘टेकडीचा विकास’ असा शब्दप्रयोग अर्जात चुकूनही करू नये, त्याचा अर्थ काँक्रीट असा लावला जातो. जमीन वन विभागाची असेल तर केंद्राची नगर वन योजनाही आहे. 5 जून 2020 रोजी ती जाहीर झाली तेव्हा पुण्यातल्या वारज्याचेच उदाहरण पुढे ठेवले होते, जिथे 2015 पासून 16.8 हेक्टर वनजमिनीवर वन विभाग, कंपनी आणि संस्था यांनी मिळून रान उभे केले. त्या योजनेचा पैसा वन विभागाकडे जातो, आपल्याकडे नाही. आपले काम पाठपुराव्याचे.

तरीही वर्गणी सोडू नये. शंभर माणसांचे महिना शंभर रुपये म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार होतात, आणि तेवढ्यात टँकरचा बराचसा खर्च निघतो. मोठी देणगी आटते, महिन्याची वर्गणी चालू राहते, आणि ज्याने शंभर रुपये दिले तो वणवा दिसला की धावतही येतो. 2023 च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, त्यांत रोज टेकडी चढणारी माणसे मोठ्या संख्येने होती. पावती प्रत्येकाला द्यावी आणि हिशेबाचा कागद दर महिन्याला टेकडीच्या पायथ्याशी लावावा. कोणाचा मुलगा अमेरिकेत असेल आणि पैसे पाठवू म्हणत असेल तर एवढे पाहावे, की त्याचे नागरिकत्व भारतीय असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आला तर तो परकीय अंशदान, म्हणजे कायद्याच्या लेखी परदेशी देणगी, ठरत नाही. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही, परकीय अंशदान कायद्याखालच्या नोंदणीशिवाय संस्थेने ते पैसे घेऊ नयेत.

पैसा आला की हक्काची भाषाही येते, त्याचे उदाहरण मुंबईत आहे. ओव्हल मैदान 1990 च्या दशकात परिसरातल्या रहिवाशांनी न्यायालयापर्यंत जाऊन सांभाळायला घेतले, आणि खर्च रहिवाशांनी उचलला तरी मैदान सगळ्यांचे राहिले. त्याच मुंबईत काळजीवाहू तत्त्वावर, म्हणजे देखभालीसाठी खासगी संस्थांकडे, दिलेल्या काही भूखंडांवर मात्र क्लब उभे राहिले, सामान्यांना आत जाणे अवघड झाले, आणि जानेवारी 2016 मध्ये भूखंड असे देण्याच्या महापालिकेच्या नव्या धोरणाला इतका विरोध झाला की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती देऊन भूखंड परत घ्यायला सांगितले. म्हणून कोणत्याही करारात फाटक, कुलूप, प्रवेशशुल्क आणि बांधकाम या चार गोष्टींना स्पष्ट मनाई लिहून घ्यावी. टेकडीवर गुरे आणणारे, सरपण वेचणाऱ्या बायका हेही तिचे जुने वापरकर्ते आहेत. पहिल्या बैठकीला त्यांना बोलवावे. आमच्याकडे वणव्याची खबर सर्वांत आधी त्यांच्याकडूनच येते.

सध्या कंपनीला होकार किंवा नकार काहीच कळवू नका, पुढच्या पावसाळ्याचा आराखडा पाठवतो एवढेच सांगा. सातबाऱ्यावर काय निघते ते कळवा, त्याप्रमाणे वन विभागाला किंवा उद्यान विभागाला द्यायच्या अर्जाचा आमचा जुना मसुदा मी आपल्याला देतो.