वाचकांचे प्रश्न : व्याख्या पाठ, तरी रुग्णाची हिस्टरी घेताना अडखळतात

प्रश्न : वैद्यकीयच्या मुलांना लिंगभाव आणि लैंगिक कल यांवर मी तासभर शिकवते. व्याख्या सगळ्यांना येतात. पण ट्रान्स रुग्ण समोर आला की मुलं एकतर गप्प होतात, नाहीतर नको ते विचारतात. कुठे चुकतंय?

उत्तर : व्याख्या शेवटी घ्या, केस आधी द्या. नोंदीत 'पुरुष', वय 26, टेस्टोस्टेरॉन चालू, दोन दिवसांपासून ओटीपोटात दुखतंय. मुलं अपेंडिक्स लिहितील, मुतखडा लिहितील. गर्भधारणेची चाचणी बहुतेकांना सुचणार नाही, कारण हा ट्रान्स पुरुष आहे (जन्मावेळी नोंद 'मुलगी' अशी) आणि गर्भाशय आहे का हेच कुणी विचारलेलं नसतं. पाळी थांबली तरी टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, आणि गर्भ नळीत राहिला असेल तर ही चूक जिवावर बेतते. ओळखीवरून अवयव गृहीत धरायचे नाहीत, हे इथे मुलांना आपोआप पटतं.

मग अवयवांची यादी करायला शिकवा : कोणते आहेत, कोणते काढले, कोणते शस्त्रक्रियेने घडवले, कोणतं हार्मोन कधीपासून. गर्भाशयमुख असेल तर त्याच्या कर्करोगाची नियमित तपासणी लागतेच. ट्रान्स स्त्रीची योनी घडवली तरी प्रोस्टेट सहसा आत तशीच असते.

लैंगिक इतिहासातही हेच. 'तुम्ही गे आहात का?' याच्या उत्तरावरून स्वॅब कुठला घ्यायचा ते ठरत नाही. संबंधात कोणते अवयव येतात, यावरून ठरतं. नुसती लघवी तपासली तर घशातला किंवा गुदाशयातला गनोरिया (संबंधांतून पसरणारा संसर्ग) सुटतो. मात्र घसा बसला म्हणून आलेल्या ट्रान्स रुग्णाला शस्त्रक्रियेचं विचारायचं कारण नाही. प्रत्येक खाजगी प्रश्नाआधी 'हे का विचारतोय' ते रुग्णाला सांगायची सवय लावा. कारण सांगता येत नसेल तर प्रश्न गाळावा.

सराव तिघांच्या गटात : 8 मिनिटं हिस्टरी, 4 मिनिटं निरीक्षकाचं बोलणं. मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकतं, तिथे मुलं अडकतात. 'कशा आहात?' की 'कसे आहात?' या पेचात पडण्यापेक्षा 'काय त्रास होतोय? कधीपासून?' असं विचारावं. मग 'तुम्हाला कसं संबोधू?' हे एकदा विचारून केस पेपरवर ठळक लिहावं. चूक झालीच तर 'माफ करा' म्हणून पुढे जावं; लांबलचक माफीमुळे रुग्णालाच आपली समजूत काढावी लागते.

ट्रान्स किंवा समलैंगिक समाजातल्या व्यक्तीला वर्गात बोलावलंत तर मानधन द्या, आणि त्यांच्या आयुष्याची कहाणी काढू नका.

प्रश्न : जुन्या पाठ्यपुस्तकात समलैंगिकतेला विकृती म्हटलंय. विद्यार्थी तेच पान पुढे करतात. काय सांगावं?

उत्तर : पान लपवू नका, वर्गात उघडा. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने 1973 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे याच संघटनेच्या यादीच्या नव्या आवृत्तीत, लिंगभावाची विसंगती (जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणं) मानसिक विकारांच्या प्रकरणात नाही, लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात आहे. ही वर्षं मुलांकडून त्याच पानाच्या समासात लिहून घ्या, आणि परीक्षेत एक गुण त्यासाठी ठेवा.